लिनक्सवर लॅबची यंत्रं जोडणाऱ्या नव्यांसाठी: पोर्टच्या नंबरावर विसंबू नका

टर्मिनल येतं, थोडं पायथन येतं आणि यूएसबी-टू-सिरीयल केबल हाताळली आहे, असं धरून लिहितेय. नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात छोट्या टेस्टिंग आणि कॅलिब्रेशन लॅब भरपूर आहेत. तिथले बॅलन्स (म्हणजे अचूक वजनकाटे), पीएच मीटर, मल्टिमीटर वर्षानुवर्षं ठणठणीत चालतात, पण सोबत आलेलं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चढत नाही. आपल्याला काम मिळतं ते इथं.

औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये मात्र एकदम शिरू नका. तिथली सिस्टीम व्हॅलिडेट केलेली, म्हणजे तपासून कागदोपत्री मंजूर झालेली असते, अमेरिकेला माल जात असेल तर २१ सीएफआर पार्ट ११ हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम लागू असतो, आणि नुसती केबल बदलायची तरी कागद फिरतात. सुरुवात कॉलेजच्या किंवा आर अँड डीच्या लॅबपासून करा.

कर्नल ड्रायव्हर लिहिता येत नाही म्हणून कुणी मागे हटू नये. यूएसबी-टू-सिरीयल अडॅप्टरमधल्या एफटीडीआय आणि सीएच३४० या चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहेत, यूएसबीवरून बोलणाऱ्या ऑसिलोस्कोपसाठी यूएसबीटीएमसी हा ड्रायव्हरही आहे. नव्वद टक्के त्रास ड्रायव्हरच्या अलीकडे आणि पलीकडे असतो.

त्यातला एक त्रास मी नीट, सगळा सांगणार आहे, कारण त्याने माझी झोप उडवली होती.

एका लॅबमध्ये एकाच मॉडेलचे दोन बॅलन्स होते, दोन्हींना सारखेच स्वस्त अडॅप्टर. लिनक्सने पोर्टांना दिलेली नावं: एक टीटीवाय-यूएसबी-०, दुसरा टीटीवाय-यूएसबी-१. पावसाळ्यात वीज गेली, कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि नंबरांची अदलाबदल झाली. एरर काहीच नाही. दोन्हींचा बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, ९६००, दोन्हींची भाषा एकच, रीडिंग झरझर येत होती, फक्त उलट्या नावाखाली. लक्षात आलं ते तिथल्या केमिस्टताईंमुळे. समोरच्या रिकाम्या बॅलन्सच्या डिस्प्लेवर ०.०००० आणि स्क्रीनवर त्याच बॅलन्सच्या नावापुढे ५०.००१२ ग्रॅम!

असं होतं, कारण हे नंबर यंत्राचे नसतातच. कर्नलला जो अडॅप्टर आधी सापडला तो शून्य, नंतरचा एक. मग लोक सांगतात, यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिही, अडॅप्टरचा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी टाक. अहो, दोन्ही अडॅप्टर सारखे असतील तर तो नियम दोघांनाही लागू पडतो! मग 'सिरीयल/बाय-आयडी' या फोल्डरमधली, अडॅप्टरच्या ओळखीवरून बनलेली लिंक वापरा म्हणतात. एफटीडीआयच्या अडॅप्टरमध्ये सहसा स्वतंत्र सिरीयल नंबर असतो, तिथं हे चालतं. सीएच३४०वाल्यांत बहुधा तो नसतो. दोघांचं नाव एकच तयार होतं आणि लिंक एकाचीच उरते. शेजारच्या 'बाय-पाथ'मधलं नाव यूएसबीच्या खाचेला बांधलेलं असतं, ते बरं. पण टेबल पुसताना कुणी केबल काढून शेजारच्या खाचेत लावली की तेही गेलं.

म्हणून यंत्रालाच विचारा, तू कोण. एससीपीआय ही मोजमाप यंत्रांची आज्ञांची भाषा समजणाऱ्या यंत्राला 'स्टार आयडीएन प्रश्नचिन्ह' पाठवलं की कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर आणि फर्मवेअर असं स्वल्पविरामांनी तोडलेलं उत्तर येतं. मेटलर टोलेडोच्या बॅलन्सला 'आय४' पाठवा, सिरीयल नंबर मिळतो. तो तुमच्या कॉन्फिग फाइलमधल्या नंबराशी जुळला तरच पुढे जा, नाहीतर प्रोग्राम तिथंच थांबवा. हे फक्त सुरुवातीला करून भागत नाही. पोर्ट बंद होऊन उघडला की प्रत्येक वेळी पुन्हा विचारायचं, आणि प्रत्येक रीडिंगच्या ओळीत यंत्राचा सिरीयल नंबरही लिहायचा. चार ओळींचा जास्तीचा कोड आहे. आळस करू नका, त्या वजनावर कुणाचा तरी रिपोर्ट निघणार असतो.

बाकीचं भराभर. पोर्ट उघडत नसेल तर उबंटू-डेबियनवर युजरला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. 'सीएचमॉड ७७७' मारणाऱ्यांचं ऐकू नका. त्याने पोर्ट सगळ्यांना खुला होतो, पण केबल काढून लावली की ती परवानगी पुसली जाते, आणि मग माणूस सगळं रूटने चालवायला लागतो. उबंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्या लावल्या गायब होत असेल तर 'डीमेसेज' या कमांडने कर्नलचे संदेश बघा, तिथं बीआरएलटीटीवाय दिसेल. ते ब्रेल डिस्प्लेसाठीचं सॉफ्टवेअर आहे, आयडी जुळल्यामुळे आपला अडॅप्टर ताब्यात घेतं. त्या कॉम्प्युटरवर ब्रेल वापरणारं कुणी नाही ना, हे विचारून मगच काढा. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाच व्होल्टचा टीटीएल अडॅप्टर (सर्किट बोर्डांसाठीचा) आणून थेट यंत्राच्या आरएस-२३२च्या, म्हणजे जुन्या सिरीयलच्या, नऊ पिनी पोर्टला जोडू नका. तिथं उणे-अधिक पंधरा व्होल्टपर्यंत सिग्नल असू शकतो, अडॅप्टर जळेल.

गुरू कुणाला करावं? माझं मत ठाम आहे: यंत्रांची सर्व्हिस करणाऱ्या जुन्या इंजिनीअरला. कुठल्या मॉडेलला दोन आणि तीन नंबरची पिन उलटी लागते, कुठल्या मेनूत 'प्रिंट' ऐवजी 'होस्ट' निवडावं लागतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कोर्सवर पैसे घालण्यापेक्षा त्यांच्या बॅगा उचलत आठवडाभर फिरा. ते लिनक्सला नाक मुरडतील, मुरडू द्या.

जीपीआयबीला, म्हणजे जुनी यंत्रं एकाच जाड केबलने कॉम्प्युटरला जोडण्याच्या पद्धतीला, मात्र लोक उगाच घाबरतात. १९७५ साली आयईईई-४८८ म्हणून प्रमाणित झालेली ही बस, एका बसवर कंट्रोलर धरून १५ उपकरणं, एकूण केबल २० मीटरपर्यंत. आणि गंमत बघा, इथं प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो, वर सांगितलेली अदलाबदल होतच नाही. लिनक्स-जीपीआयबीचे ड्रायव्हर बरीच वर्षं कर्नलबाहेर होते, कर्नल बदलला की पुन्हा कंपाइल करावे लागायचे. ६.१३ पासून ते मुख्य कर्नलच्या स्टेजिंग (म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या ड्रायव्हरच्या) विभागात आले. जुना जीपीआयबी मल्टिमीटर कुठे भंगारात निघत असेल तर मागून घ्या आणि त्यावर शिका. तिथं काही बिघडलं तरी कुणाचा रिपोर्ट अडत नाही.