झाडांच्या टँकमधलं गढूळ पाणी आणि लाइट: या चुका टाळा

जिवंत पाणवनस्पती लावलेल्या फिश टँकचं पाणी गढूळ दिसलं की बहुतेकांचा हात आधी बादलीकडे जातो. सगळं पाणी काढायचं, फिल्टर नळाखाली घासायचा, खडी धुवायची. दोन दिवस टँक लख्ख, मग पुन्हा तेच. गढूळपणाचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. त्यामुळे आधी पारदर्शक ग्लासात टँकचं पाणी घ्या, मागे पांढरा कागद धरा आणि रंग बघा.

टँक भरल्या भरल्या पाणी मातकट झालं तर ती सबस्ट्रेटची (तळाशी पसरलेल्या माती-खडीची) धूळ. एक-दोन दिवसांत बसते. पुढच्या वेळी पाणी थेट न ओतता बशीवर ओता. पाणी तपकिरी पण आरपार दिसत असेल तर ते ड्रिफ्टवूडचं, म्हणजे टँकमधल्या सजावटीच्या लाकडातून उतरणारं टॅनिन. माशांना त्याचा त्रास नाही. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला.

खरा गोंधळ दुधाळ पाण्याचा. नव्या टँकमध्ये पहिल्या काही दिवसांत सेंद्रिय कचऱ्यावर जगणारे जिवाणू पाण्यात भरमसाट वाढतात, त्यामुळे ही धूसरता येते. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे. ते मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर चिकटून राहतात. क्लोरीनच्या पाण्याने स्पंज घासला की नेमके तेच मरतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच. खाणं कमी करा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा (धूसरता आणणारे जिवाणू ऑक्सिजन बराच खातात), आणि थांबा. टेस्ट किटमध्ये अमोनिया किंवा नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) दिसलं तर मात्र पाणी बदलायला हयगय नको, टँकमध्ये मासे असतील तर नाहीच नाही.

जुना, स्थिरावलेला टँक अचानक दुधाळ झाला तर कुठेतरी काही सडतंय. मासे मोजा, झुडपांमागे बघा, कुजलेली पानं काढा. क्लॅरिफायरने (पाणी नितळ करायच्या द्रावणाने) कणांचे गोळे होऊन ते फिल्टरमध्ये अडकतात, पण मेलेला मासा आत तसाच असेल तर काय उपयोग? तुरटी तर घालूच नका. तिने पाण्याची क्षारता आणि पीएच दोन्ही खाली येतात.

हिरवं पाणी म्हणजे तरंगतं शेवाळ. त्याच्या पेशी इतक्या बारीक की साध्या स्पंजमधून सहज निसटतात, आणि निम्मं पाणी बदललं तरी उरलेल्या पेशी थोड्याच दिवसांत भरपाई करतात. टँक तीन-चार दिवस चादरीने पूर्ण झाका, एअर पंप चालू ठेवा, झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर तो बंद ठेवा, मधे डोकावू नका. नंतर निम्मं पाणी बदला. यूव्ही (अतिनील किरणांचा) फिल्टरही उत्तम काम करतो. पण खिडकीचं ऊन किंवा दहा-बारा तास जळणारा लाइट तसाच राहिला तर शेवाळ परत येणारच.

लाइट घेताना पहिली चूक वॅट बघण्याची. लिटरमागे किती वॅट, हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला; एलईडीला तो लागू पडत नाही. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचं माप. झाडांसाठी बघायचं ते पार (PAR) मूल्य, म्हणजे झाडांना वापरता येणारा प्रकाश किती पोचतो त्याचं माप, तेही पाण्याखाली, खडीपाशी, कारण टँक जितका उंच तितका खाली प्रकाश कमी. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन या कमी प्रकाशावर भागणाऱ्या झाडांना साधारण 15 ते 30 पार पुरतं. 50 च्या पुढे गेलात तर कार्बन डायऑक्साइड आणि खत दोन्ही द्यावं लागतं, नाहीतर तो प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. म्हणून आधी झाडं ठरवा, मग लाइट. 6500 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) आसपासचा पांढरा प्रकाश डोळ्यांना नैसर्गिक वाटतो. जांभळ्या ग्रो लाइटखाली झाडं वाढतात, पण टँक बघवत नाही.

माझ्या मते महागड्या लाइटपेक्षा डिमर आणि टायमर जास्त कामाचे. नव्या टँकला सहा तास, झाडं रुजल्यावर फार तर आठ.

पानं पिवळी पडली की लाइट वाढवणं ही आणखी एक नेहमीची चूक. जुनी पानं पिवळी पडत असतील तर बहुधा नायट्रोजन कमी आहे, नवी फिकट येत असतील तर लोह. प्रकाश खरंच कमी असेल तर खोडाची झाडं लांबुडकी होतात आणि त्यांची खालची पानं गळतात. काहीही बदललं तरी निकाल नव्या पानांवरून काढा. खराब झालेली जुनी पानं सुधारत नाहीत, ती कापून टाका.