सापाचं पिल्लू खात नसेल तर

नवं पिल्लू घरी आलं की पहिले पाच-सात दिवस त्याला खायला देऊ नका. पाणी बदला, बाकी त्याच्या वाटेला जाऊ नका. मला विचारायला येणारे बहुतेक जण "याला उंदीर आवडतच नाही" असं सांगतात. मी आधी सापाला ठेवलेल्या काचेच्या टाकीतलं तापमान विचारते, कारण अडचण बहुतेक वेळा तिथेच असते, उंदरात नसते.

साप बाहेरच्या उबेवर अन्न पचवतो. ऊब कमी पडली तर तो खायचं टाळतो, किंवा खाऊन ओकतो. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या सापांच्या जाती. कॉर्न स्नेकला उबदार बाजूला 29 ते 31 अंश सेल्सिअस लागतं, बॉल पायथनला 31 ते 33. दुसरी बाजू थंड हवीच, म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येतं. काचेला चिकटवलेल्या काट्याच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो हवेचं तापमान दाखवतो. वायरच्या टोकाने तापमान मोजणाऱ्या डिजिटल थर्मामीटरचं टोक लपायच्या जागेत, थेट जमिनीवर ठेवून बघा. आणि हीटमॅटला, म्हणजे ऊब देणाऱ्या विजेच्या चटईला, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नसेल तर आधी तो आणा, नाहीतर पोट भाजतं.

लपायच्या जागा दोन हव्यात, उबेला एक आणि थंडाव्याला एक. त्याही घट्ट, वेटोळं घातल्यावर दोन्ही बाजूंनी अंगाला टेकतील अशा. मोठ्या, मोकळ्या टाकीत बॉल पायथनचं पिल्लू सतत धास्तावलेलं असतं. चुरगळलेला कागद भरून जागा कमी केली तरी फरक पडतो.

हे सगळं नीट असेल तरच खाण्याकडे वळा. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, खात नाही. पोटात बलक शिल्लक असतो. पुढेही डोळे निळसर, धुरकट झाले की कात पडेपर्यंत थांबा.

उंदीर सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा जाड नको. कॉर्नच्या नवजात पिल्लाला पिंकी, म्हणजे केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू पुरतं. गोठवलेली पिंकी फ्रिजमध्ये सावकाश वितळू द्या, मग पिशवीत बंद करून गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, म्हणून त्याच्यासाठी उंदराचं डोकं चांगलं कोमट हवं. कॉर्नला तसे खळगे नसतात, तो वासावर जातो. त्याच्यासाठी मेलेल्या पिंकीच्या डोक्याला सुईने छोटी चीर द्या, आतला द्रव बाहेर येऊ द्या. करताना जिवावर येतं खरं, पण हट्टी पिल्लांवर याइतका चालणारा उपाय मला दुसरा माहीत नाही.

रात्री, मंद उजेडात, उंदीर लांब चिमट्याने धरा. नाकावर नेऊन आदळू नका. थोडं लांब धरून हळूच हलवा. जीभ सावकाश, लांब बाहेर यायला लागली आणि मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक आला, की तुम्ही स्तब्ध व्हा, झेप त्यालाच घेऊ द्या. डोकं वेटोळ्यात खुपसलं किंवा मागे सरकलं, तर त्या रात्रीपुरतं समोर धरणं थांबवा. तसं झालं तर पिंकी आणि पिल्लू हवेची भोकं असलेल्या लहान डब्यात घालून डबा रात्रभर टाकीत ठेवा. सकाळी न खाल्लेली पिंकी टाकून द्या.

पुन्हा प्रयत्न पाच-सात दिवसांनीच. रोज समोर धरलं तर तो चिमट्यालाच भ्यायला लागतो, आणि हे भय घालवायला फार वेळ जातो. मोठा जिवंत उंदीर टाकीत सोडू नका, तो सापाला कुरतडतो.

दर आठवड्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दहा टक्के वजन उतरलं, कातडीला घड्या पडल्या, नाकातून बुडबुडे आले किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरकडे न्या. तोंड उघडून बळजबरीने भरवायचं काम घरी करू नका, कोवळा जबडा आणि घसा दुखावतो.

ओकलं असेल तर लगेच दुसरं देऊ नका. दहा ते चौदा दिवस पोटाला विसावा द्या, मग नेहमीच्या निम्म्या आकाराचं द्या. आणि पहिलं खाणं एकदाचं गिळलं की 48 तास हात लावायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. पुढची दोन-तीन खाणी त्याच आकाराची, त्याच वेळी, त्याच पद्धतीने द्या.