पालिकेची जुनी संगणक प्रणाली मुदतीआधी बदलताय? या चुका टाळा

मुदत दोन प्रकारची असते. एक बैठकीत जाहीर झालेली. ती पुढे ढकलता येते. दुसरी कुणाचंच ऐकत नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरलेली आहे. करवसुली अजून अशा सर्व्हरवर चालत असेल, तर तुमची मुदत या दुसऱ्या जातीची. अशा वेळी सगळ्यात आधी घात करते ती हौस.

"बदलतोच आहोत तर मोबाइल ॲपही करून घेऊ, डॅशबोर्डही घेऊ." बघता बघता निविदेत प्रणालीचे दहा भाग (मॉड्यूल) चढतात आणि मुदतीला बांधलेलं खरं काम त्यात बुडून जातं. ते वेगळं काढायची माझी कसोटी साधी आहे: जुना सर्व्हर आज रात्री बसला, तर उद्या सकाळी खिडकीवर काय अडेल? पावती, दाखला, पगार. तेवढंच मुदतीआधी घ्या. डॅशबोर्डवाचून कुणाचं अडत नाही, साहेब सोडले तर.

दुसरी चूक म्हणजे डेटा शेवटी हलवायचं ठरवणं. आधी स्क्रीन, मग प्रशिक्षण आणि शेवटच्या पंधरवड्यात "डेटा टाकून घेऊ". हा क्रम उलटा करा. पहिल्याच महिन्यात जुना डेटा अर्धाकच्चा का होईना, नव्या डेटाबेसमध्ये उतरवून बघा. काय काय तुटतं ते तेव्हाच कळतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त तुटतात नावं. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. शिवाय त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते; रफाराचं बरोबर उलट. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर चालवला की बहुतेक नावं सुधारतात, पण रफार आणि जोडाक्षरं असलेली थोडी बिघडतात आणि नेमकी तीच नजरेतून सुटतात. आणखी एक खोड: 'ऑ' दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकच सबंध अक्षर म्हणून किंवा 'अ'ला मात्रा जोडून. बऱ्याच पडद्यांवर डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधताना मात्र नाव सापडत नाही. आमच्या एका कामात 'नोंदच नाही' म्हणून माणूस दोनदा परत गेला. नोंद होती, अक्षराची जात वेगळी होती. म्हणून कन्व्हर्टरनंतर रफार, वेलांटी आणि 'ऑ' असलेली नावं वेगळी काढून जुन्या कारकुनाला वाचायला द्या. ते आडनावं ओळखतात.

तारखांचंही तेच. वर्षाचे दोनच आकडे साठवले असतील तर '२४' म्हणजे १९२४ की २०२४? जन्मनोंदीत दोन्ही खरे असू शकतात, तेव्हा सरसकट नियम लावू नका, नोंदवहीचा क्रमांक बघा. ०१/०१/१९०० ही तारीख शेकडो नोंदींवर दिसली, तर ती बहुधा रिकामी जागा भरायला टाकलेली आहे.

मधल्या टप्प्यात एक्सेल वापरू नका, निदान थेट उघडू तरी नका. मालमत्ता क्रमांक ००४५७ चा ४५७ होतो आणि पंधरा आकड्यांपुढचे आकडे शून्य होऊन बसतात. रकाना आधी 'टेक्स्ट' करून मगच फाइल आत घ्या.

जुन्या कामाच्या प्रत्येक सवयीसाठी नवं सॉफ्टवेअर वाकवणं ही महागातली चूक. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने एप्रिल २०२२ मध्ये हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर, एसएपी, सोडून ओरॅकलचं घेतलं आणि आपल्या पद्धतीप्रमाणे त्यात बदल करून घेतले. बँकेशी जुळणी करणारा भाग नीट चालला नाही, व्यवहार माणसं बसवून हाताने जुळवावे लागले आणि मूळ अंदाजाच्या कितीतरी पट खर्च झाला. कायद्याने लागतं तेवढंच बदलून घ्या. "आम्ही पहिल्यापासून असंच करतो" हे कारण धरू नका.

बिलं निघायच्या आठवड्यात किंवा वर्षअखेरीला प्रणाली सुरू करू नका. एक बिलिंग फेरी दोन्हीकडे चालवा आणि मागणी, वसुली, थकबाकी प्रभागवार ताडून बघा. एकूण बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, दोन प्रभागांच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

बेरीज जुळली नाही तर? नोंदींची संख्याच कमी असेल, तर डेटा चढवताना नव्या प्रणालीने नाकारलेल्या नोंदींची फाइल उघडा. ती बहुधा कुणी पाहिलेलीच नसते. संख्या जास्त असेल, तर बहुधा एखादी फाइल दोनदा चढली आहे. बदलाच्या दिवशी हाताने फाडलेल्या पावत्या नंतर टाइप केल्या असतील आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधा: ५४० चे ४५०.

मागे फिरायची वेळ आधी कागदावर लिहा. "रविवारी दुपारी चारपर्यंत प्रभागवार बेरीज जुळली नाही, तर सोमवारी खिडक्या जुन्यावर उघडतील", आणि हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. हे लिहिलेलं नसलं की रात्री अकरापर्यंत "होतंय, होतंय" चालतं आणि मग मागे जायलाही वेळ उरत नाही. बॅकअप आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून एक जुनी पावती छापून बघा.

सगळं करूनही मुदत हुकणारच असेल, तर तो सर्व्हर इंटरनेटपासून तोडा, फक्त ठरलेल्या चार-पाच यंत्रांनाच तिथे पोचू द्या आणि पेन ड्राइव्ह बंद करा. त्यावर काही महिने काढता येतात. नवी प्रणाली स्थिरावल्यावरही जुनं यंत्र भंगारात घालू नका. असंच तोडलेलं, फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा आणि त्याचा पासवर्ड निवृत्त होणाऱ्या ऑपरेटरकडून आजच लिहून घ्या.