जुना डॉट मॅट्रिक्स, नवा पीसी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या चादरीच्या दुकानात विंडोज ११ चा नवा पीसी आला. बिलाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर (शाईच्या फितीवर टाचण्या आपटून छापणारा) मात्र जुनाच. कार्बनची दुसरी प्रत लेझर प्रिंटरवर निघत नाही, म्हणून तो टाकवत नाही. पण नव्या पीसीला पॅरलल पोर्टच, म्हणजे जुन्या प्रिंटरची रुंद केबल लावायची जागाच नाही!

यूएसबी-टू-पॅरलल केबल घ्या. जोडल्यावर प्रिंटरचं नाव स्क्रीनवर आलं नाही तरी केबल खराब समजू नका. सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटर हाताने जोडायचा पर्याय निवडा. पोर्ट विचारेल तेव्हा सवयीने 'एलपीटी१' (जुन्या पॅरलल पोर्टचं नाव) दाबाल, तिथेच गाडी अडते. यादीत खाली 'यूएसबी००१' असतो, तो घ्या. ड्रायव्हरसाठी (पीसीकडून प्रिंटर चालवून घेणारं सॉफ्टवेअर) कंपनी 'जेनेरिक', मॉडेल 'टेक्स्ट ओन्ली'. टेस्ट पेज काढा. तो ओळखीचा खर्रर्र आवाज आला की जमलं.

या ड्रायव्हरवर फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे छापतात. दुकानाचं नाव मराठीत हवं असेल, तर प्रिंटरच्या कंपनीचा ६४-बिट ड्रायव्हर शोधा. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, त्यामुळे जुन्या सीडीतला ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. ती सीडी शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली, माळ्यावरची धूळ तेवढी निघाली.

डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या काळ्या स्क्रीनवरचं) बिलिंग सॉफ्टवेअर असेल, तर तेही थेट उघडणार नाही; त्यासाठी डॉसबॉक्स-एक्स हे जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर टाकावं लागेल.