इजिप्तमधल्या लक्सरची देवळं कमी पैशात कशी बघायची

आधी एक ठरवून टाका, क्रूझ नको. नाईलवरची क्रूझ वाईट असते असं नाही, पण ती ज्या देवळापाशी थांबते तिथे बाकीच्या बोटीपण त्याच वेळेला थांबलेल्या असतात, म्हणजे पैसे जास्त देऊन वर गर्दीत उभं राहायचं. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघींनी लक्सरमध्ये एकाच गेस्टहाऊसमध्ये ६ रात्री मुक्काम ठोकला आणि सगळं तिथूनच केलं. तिकिटांवर हात आखडला नाही, बाकी सगळीकडे आखडला. तसंच करा असं माझं म्हणणं आहे, कारण परदेशी लोकांसाठी तिकीट महाग असतं आणि त्यात काही घासाघीस होत नाही, वाचवायला जागा आहे ती राहण्या-फिरण्यात.

कधी जायचं आणि कसं पोचायचं

ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात लक्सरला पारा ४० च्या वर असतो आणि देवळांची अंगणं उघडी, सावलीला जागा नाही, विदर्भातल्या माणसाने पण हात जोडावेत असं ऊन. रमजानमध्ये गेलात तर देवळं लवकर बंद होतात, तेवढं बघून जा. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आधी ते सध्याचे काय आहेत ते दूतावासाच्या साईटवर बघून घ्या, नंतर नाही.

कैरोहून लक्सर साधारण साडेसहाशे किलोमीटर, ट्रेनने ९-१० तास. परदेशी लोकांसाठी स्लीपर ट्रेन आहे पण ती डॉलरमध्ये आणि महाग, आपण रात्रीच्या गाडीत एसी सीट घेतली, एक रात्रीचं हॉटेलभाडं पण वाचलं. शाल न्या. एसी असा सोडतात की पहाटे तीनला मी सॅकमधला टॉवेल काढून पांघरला होता.

कार्ड आणि सुटे, दोन्ही

हे नीट वाचा कारण इथे मी स्वतः माती खाल्लीय. बहुतेक मोठ्या ठिकाणी तिकीट खिडकीवर आता कॅश घेत नाहीत, व्हिसा किंवा मास्टरकार्डच लागतं. मी पहिल्या दिवशी सकाळी सहाला खिडकीवर उभी, कार्ड घासलं, डिक्लाईन, परत घासलं, परत डिक्लाईन, मागे रांग, आणि मग ट्यूब पेटली की बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालूच केले नव्हते. मैत्रिणीच्या कार्डावर निभावलं. तर दोन वेगळ्या बँकांची कार्डं न्या आणि निघायच्या आधी घरूनच चालू करून ठेवा. कॉलेजात असाल तर आयसिक हे इंटरनॅशनल स्टुडंट कार्ड काढून न्या, तिकीट साधारण अर्ध्यात येतं, यापेक्षा मोठी बचत ट्रिपमध्ये दुसरी कुठलीच नाही. लक्सर पास म्हणून ५ दिवसांचा पास मिळतो, पण तो थडगी, म्युझियम सगळं धावत धावत करणाऱ्यांना परवडतो. निवडक चार-पाच देवळं बघायची असतील तर सुटी तिकिटं बेरीज करून बघा, बहुतेक सुटीच स्वस्त पडतील.

कार्ड फक्त तिकिटाला. बाकी सगळीकडे सुटे इजिप्शियन पाऊंड, ५, १०, २० च्या नोटा, कारण मोठ्या नोटेचे सुटे तिथे कुणाकडेच नसतात. देवळातला रखवालदार "या या" अशी खूण करून दोरी लावलेल्या कोपऱ्यात नेतो, भिंतीवरचं एखादं चित्र बोटाने दाखवतो आणि मग हात पुढे करतो. मागतो काय, तर बक्षीस. शब्द तोच आहे आपला, फारसीतून इकडे पण आला आणि तिकडे पण गेला. द्यायचं नसेल तर मुळात मागे जाऊच नका, गेलात तर १०-२० द्या, गेल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. रस्त्यावर मागे लागणाऱ्यांना "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) एवढंच, चालत राहायचं, थांबायचं नाही. इंडियन आहात कळलं की अमिताभ बच्चनचं नाव निघतंच, आमच्या सहा दिवसांत वीसेक वेळा तरी निघालं असेल.

आकडे पण शिकून घ्या, दुकानावर अरबीतच लिहिलेले असतात. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि जो गोल आपल्याला शून्य वाटतो तो ५. इंग्रजी ७ सारखा दिसतो तो ६. ७ म्हणजे चांदणीच्या टोकासारखा खाली निमुळता, ८ म्हणजे तोच उलटा. अर्ध्या तासात जमतं.

राहायचं पश्चिमेला

शहर, स्टेशन, कर्नाकचं देऊळ आणि लक्सर मंदिर नाईलच्या पूर्व काठावर, बाकी सगळं पश्चिम काठावर. राहायचं पश्चिमेला, गावात. गेस्टहाऊसं स्वस्त, शांत, गच्चीवर नाश्ता. पलीकडे जायला लक्सर मंदिरासमोरूनच गावकऱ्यांची फेरी सुटते, तिचं तिकीट अगदी किरकोळ आहे. धक्क्यावर खाजगी मोटरबोटवाले "फेरी बंद आहे" सांगतील, त्यांच्या बाजूने चालत पुढे जा, फेरी चालूच असते.

फेरीतून उतरलं की भाड्याच्या सायकली मिळतात. ब्रेक आणि सीट बघून घ्या. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, मला तर थेट सांगली-कोल्हापूरकडे आल्यासारखं वाटलं, फक्त मागे पिवळेधमक उघडे डोंगर. तीन-चार किलोमीटरवर मेम्नॉनचे दोन पुतळे येतात, तिसऱ्या आमेनहोतेप राजाचे, सुमारे १८ मीटर उंच, आणि बघायला फुकट. त्यांच्या थोडं पुढेच तिकीट ऑफिस. मेदिनेत हाबू आणि रामेसियम या देवळांची तिकिटं इथेच काढायची, देवळाच्या दारात मिळत नाहीत, न काढता पुढे गेलात तर उन्हात सायकल मागे हाणावी लागते.

एकच देऊळ बघायला वेळ असेल तर

मेदिनेत हाबू. हे मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे. तिसऱ्या रामसेस राजाचं देऊळ, गर्दी कर्नाकच्या पावपट पण नाही. अक्षरं इतकी खोल कोरलीयत की बोटाची दोन पेरं आत जातात (घालू नका, हात लावायचा नसतो, पण अंदाज येतो), काही खाचांत तर पारवे बसलेले असतात. असं म्हणतात की पुढच्या राजाने आपलं नाव खोडून स्वतःचं घालू नये म्हणून एवढं खोल कोरलं. दुसऱ्या अंगणाच्या छताकडे मान वर करून बघा, निळा-लाल रंग अजून शाबूत आहे. आतल्या एका भिंतीवर लढाईनंतर मेलेल्या शत्रूंचे कापलेले हात ढिगाने पडलेत आणि कारकून ते मोजून लिहून घेतोय असं चित्र आहे. तो कारकून मला फार आवडला, हजारो वर्षं हिशोब जुळवत उभा आहे बिचारा. आणि बाहेर पडू नका लगेच, देवळाच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून वळसा घाला, समुद्रावरून आलेल्या टोळ्यांशी झालेली होड्यांची लढाई तिथे आहे आणि ग्रुपवाले तिकडे फिरकत पण नाहीत.

हातशेप्सुत राणीचं देऊळ लांबून फार देखणं आहे, जवळ गेलं की बरंचसं नव्याने बांधलेलं कळतं. जायचं तर सकाळी सहाला, पुन्त नावाच्या दूरच्या देशाहून आणलेली झाडं कोरलेली भिंत बघा, निघा. दुपारी ती डोंगराची कपार भट्टीसारखी तापते.

गाईडशिवाय देऊळ कसं समजून घ्यायचं

ऑडिओ नको, गाईड नको, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. समोर दोन जाडजूड बुरुजांचं दार, त्याला पायलॉन म्हणतात, त्यावर बहुतेक वेळा राजा शत्रूंचे केस धरून मारताना. मग उघडं अंगण, मग खांबांचा सभामंडप, मग गाभारा. आत जाल तशी जमीन थोडी थोडी वर चढते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. आपल्याला हे नवीन नाही, एखाद्या हेमाडपंती देवळाच्या गाभाऱ्यात वाकून शिरताना असंच होतं. फरक एवढाच की तिथे सामान्य माणसाला आत प्रवेशच नव्हता, गाभाऱ्यापर्यंत फक्त पुजारी आणि राजा. लांबट गोलाकार चौकटीतलं नाव दिसलं की ते राजाचं.

कर्नाक उलटं बघा

सकाळी सहाला दार उघडतं तेव्हा हजर राहा. सगळे पुढून सुरू करतात, तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा, तिसऱ्या थुतमोस राजाच्या मंडपात. तिथले खांब खाली निमुळते आणि वर जाड आहेत, तंबूच्या लाकडी खांबांसारखे, दगडात. मग हळूहळू पुढे या आणि बसवाले यायच्या आत मोठा सभामंडप गाठा, १३४ खांब, मधले १२ तर २१ मीटरच्या आसपास उंच. तिथे मी काही सांगत नाही, अर्धा तास खाली बसून राहा. निघताना पहिल्या पायलॉनच्या आतल्या बाजूला बघायला विसरू नका, मातीच्या विटांचा एक उतार तसाच पडलेला आहे. दगड वर चढवायला केलेला, काम अर्धवट राहिलं आणि तो काढायचा पण राहून गेला. एवढी मोठी भिंत वर कशी नेली याचं उत्तर तिथे तसंच पडून आहे आणि लोक त्याला टेकून पाणी पितात.

दुपारी झोपा. लक्सर मंदिर रात्रीपर्यंत उघडं असतं, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी शिरा, एकाच तिकिटात उजेडातलं पण होतं आणि दिव्यांतलं पण. आत अबू हग्गागची मशीद आहे, तिचं एक दार जमिनीपासून कित्येक मीटर उंच हवेत लटकतंय, कारण मशीद बांधली तेव्हा देऊळ वाळू-मातीत तेवढं गाडलेलं होतं. बाहेरच्या ओबेलिस्कचा, म्हणजे उंच टोकदार दगडी खांबाचा, जोडीदार पॅरिसच्या चौकात उभा आहे, १८३६ पासून. बदल्यात फ्रान्सने कैरोला एक घड्याळ दिलं, ते वर्षानुवर्षं बंदच होतं.

खाणं

शाकाहारी माणसाचे हाल होतील असं घरच्यांना वाटत होतं, उलट झालं. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट रस आणि कुरकुरीत तळलेला कांदा, एक वाटी घेतली की चार तास बघायला नको. ताअमेया म्हणजे तिथला फलाफल, छोल्यांचा नाही, फावा बीन्सचा. "सियामी" हा शब्द पाठ करा, तिथल्या ख्रिश्चनांच्या उपासाचं जेवण, त्यात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही.

एक दिवस बाहेर

दंदेरा किंवा एदफूचं देऊळ. दंदेराला जायचं तर ट्रेनने केना, तिथून टॅक्सी ठरवून, थांबण्याचे आणि परतीचे पैसे आधीच बोलून, पैसे शेवटी. छत साफ केलंय, निळा रंग बघून मान दुखेपर्यंत वर बघाल. एदफू लक्सरहून शंभरेक किलोमीटर, होरस या देवाचं देऊळ, छतासकट जवळजवळ पूर्ण उभं आहे, गाभाऱ्यात गुळगुळीत ग्रॅनाईटचा देव्हारा. स्टेशन पूर्व काठावर आणि देऊळ पश्चिमेला, मध्ये पूल, टुकटुक घ्या. टांगे टाळा, घोड्यांची अवस्था बघवत नाही. आणि स्टेशनवर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या, आम्ही देवळातून आल्यावर विचारली आणि मग प्लॅटफॉर्मवर एका आजीबाईंच्या शेजारी दोन तास शेंगदाणे खात बसलो.