खुडूक बदक आणि फुटायला आलेली अंडी: हात कधी घालायचा, कधी आवरायचा

बदकाची मादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या मनःस्थितीत आली, की घरट्यात चपटी होऊन बसते, जवळ गेलं की फिसकारते आणि छातीची मऊ पिसं उपटून अंड्यांभोवती पसरते. लगेच अंडी ठेवायची घाई करू नका. दोन-तीन रात्री ती घरट्यावरून हलली नाही, तरच खरी बसली म्हणायचं.

आडोशाची, कोरडी, उंदीर-कुत्रा पोचणार नाही अशी जागा द्या. तिच्या अंगाखाली नीट झाकली जातील एवढीच अंडी, साधारण दहा-बारा, सगळी एकाच दिवशी ठेवा. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या माद्या त्याच घरट्यात अंडी घालून जातात. बिनखुणेची रोज काढा. ती राहिली तर पहिली पिल्लं घेऊन आई उठते आणि मागची अर्धवट वाढलेली अंड्यातच गारठतात.

बहुतेक जातींना 28 दिवस लागतात, मस्कोव्हीला 35. मधूनमधून मादी उठून खाते, पाण्यात डुंबते आणि ओल्या पिसांनी परत बसते. तो ओलावा अंड्यांना हवाच असतो, म्हणून पाण्याचं घमेलं जवळ ठेवा. आठव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडं धरून पाहा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे. वास येणारं अंडं तिथल्या तिथे काढा.

आता कसोटीचा काळ. पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं. अंडं कानाशी धरलं तर टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचावर चांदणीसारखी चीर पडते. तिथून बाहेर यायला एक ते दोन दिवस लागू शकतात. बाहेरून सगळं थंडावल्यासारखं दिसतं, पण कवचाच्या आतल्या पापुद्र्याच्या शिरांतलं रक्त अंगात ओढलं जात असतं, उरलेला बलक पोटात जात असतो. मी एकदा वीस तासांतच कवच सोलायला बसले. पापुद्र्यावर केसाएवढी लाल रेघ होती, ती तुटली आणि रक्त थांबेना. ते पिल्लू गेलं. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

मदत कधी करायची? चीर पडून दोन दिवस होत आले आणि पुढे काहीच नाही, किंवा पापुद्रा पिवळट, चामड्यासारखा सुकून पिल्लाला चिकटला, तेव्हा. हात धुऊन, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा; नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. चोचीजवळचा गव्हाच्या दाण्याएवढा टवका काढा. रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबा, अंडं आईखाली ठेवा, काही तासांनी पुन्हा पाहा. चीर निमुळत्या टोकाला पडली असेल तर पिल्लू उलटं आहे. श्वासाची वाट मोकळी आहे ना, एवढं आधी बघा. शेवटचं ढकलणं पिल्लालाच करू द्या. ओढून काढू नका, बलक बाहेर राहिलेला असू शकतो.

आई पहिल्याच पिल्लाला टोचत असेल तर ते उबदार खोक्यात सुकवा आणि अंधार पडल्यावर हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. चीर पडलेली अंडी सोडून आई निघून गेली, तर ती अंडी 37.5 अंश सेल्सिअसच्या उबवणी यंत्रात, भरपूर ओलाव्यात ठेवा.

निघालेल्या पिल्लांना पहिला दिवस घरट्यातच राहू द्या, पोटातला बलक तेवढा पुरतो. नंतर पाणी ठेवाल ते नाकपुड्या बुडतील इतकं खोल, पण पिल्लू आत पडणार नाही अशा भांड्यात.