केसाळ राखणदार कुत्रं उन्हाळ्यात भादरू नका

सोलापुरात पारा ४० अंशांवर गेला की मेंढरांसोबत राखणीचं केसाळ कुत्रंही भादरून टाकावंसं वाटतं. तेवढं करू नका. गद्दी, भोटिया या डोंगरी कुत्र्यांना केसांचे दोन थर असतात. वरचा राठ थर कातडीला ऊन लागू देत नाही. काढायची ती आतली सुटलेली मऊ लव, आठवड्यातून दोनदा, दातेरी फणीने. आणि अंघोळीआधी विंचरा. ओला गुंता घोंगडीसारखा घट्ट बसतो, मग कात्रीच लागते.

पावसाळा सरता माळावर कुसळं वाळली की बोटांच्या बेचक्या आणि कान रोज संध्याकाळी चाचपा. कातडीत घुसलेलं कुसळ पुढेच सरकतं. सूज दिसली तर उकरत बसू नका, जनावरांचा डॉक्टर गाठा. गोचिडांसाठी मेंढरांचं औषध त्याला विचारल्याशिवाय कुत्र्याला लावू नका.